बावीस वर्षांची मंजुळा

फार पूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला पाणी होतं, जोंधळा पिकत होता, घाट चढून जाणाऱ्या वाटसरूंसाठी धर्मशाळाही होती. पण त्या गावाचा कुणावरही विश्वास उरला नव्हता.

त्याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी दोन अनाथ पोरं गाणी म्हणत गावात आली. गावाने त्यांना जेवू घातलं, धर्मशाळेत झोपायला जागा दिली. तीन दिवस ती पोरं घरोघरी फिरली आणि चौथ्या दिवशी निघून गेली. त्यानंतर आठवडाभरात गावातली चार पेवं फुटली. जमिनीत खोल खणून, शेणामातीने तोंड बंद करून ठेवलेलं वर्षाचं धान्य चोरांनी उपसून नेलं. ज्यांची पेवं फुटली त्या घरांनी तो उन्हाळा कंदमुळांवर काढला.

दोष आला अंबूबाईवर. ती एकटी विधवा बाई. धर्मशाळा झाडायची, वाटसरूंना पाणी द्यायचं, आल्यागेल्यावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. पाटलांनी भर चावडीत तिला विचारलं होतं की तुझे डोळे कुठे गेले होते. पुन्हा असं झालं तर धर्मशाळेचं काम जाईल आणि गावातली जागाही, हेही सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून अंबूबाईचे डोळे मिटतच नव्हते. आलेल्या माणसाचं गाठोडं किती जड आहे, तो कुणाकडे बघतो, कुठल्या घरासमोर थांबतो, सगळं ती टिपून ठेवायची. आणि गावही तसंच झालं होतं. विहिरीवर परक्या माणसाने पाणी मागितलं तरी आधी चार प्रश्न विचारले जायचे आणि मग पोहरा खाली जायचा.

अशा गावात माघ महिन्यात एका दुपारी एक बाई आली. कमरेवर मूल, खांद्याला गाठोडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. लंगडत चालत होती. तिने सांगितलं की तिचं नाव मंजुळा, वय बावीस, नवरा दूर चुनाभट्टीवर कामाला आहे आणि ती घाटापलीकडे बहिणीकडे निघाली आहे. मूल तिचंच, भिवा नावाचं, तीन वर्षांचं. टाचेत काटा मोडून पाय सुजला आहे, दोन दिवस विसावा मिळाला तर बरं होईल.

अंबूबाईने कोपऱ्यातली जागा दाखवली आणि समोरच सूप घेऊन निवडायला बसली.

बाई दिसायला लहानखुरी होती. तिचं लुगडं तिला फार मोठं होत होतं, कमरेला खोचलेल्या घड्यांचा वळकटीएवढा फुगा झाला होता. पायातली जोडवी बोटांतून निसटू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता. दुसऱ्या कुणाची वस्तू घातली असावी तसं सगळं. पण अंबूबाईला खटकलं ते तिचं बोलणं. ही बाई उठताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हायची. झाडताना म्हणायची, हल्लीच्या पोरींना कामाचं वळण राहिलं नाही. थंडी पडली की म्हणायची, आता पूर्वीसारखं सोसत नाही. अंबूबाई मनात म्हणाली, मी पन्नाशीची, तरी मी असं बोलत नाही. बावीस वर्षांची बाई कशाला बोलेल?

मुलाचं तर त्याहून नवल. तो सारखा अंगठा चोखायचा, बोबडं बोलायचा, पाणी हवं असलं की नुसतं मम मम करायचा. पण आईने कमरेवर घेतलं की त्याचे पाय तिच्या गुडघ्यांखाली लोंबायचे.

दुसऱ्या दिवशी एक करडू धर्मशाळेत शिरलं आणि मंजुळेच्या हातातली भाकरी ओढून पळालं. भिवा खदखदून हसला. अंबूबाईने त्याच्या तोंडात पाहिलं. वरचे पुढचे दोन दात नुकते फुटत होते, रुंद, कडेला करवतीसारखे. शेजारी पडलेल्या दाताची खिंड होती. तीन वर्षांच्या पोराचे दुधाचे दात पडत नाहीत. हा पोरगा सहा-सात वर्षांचा होता.

वयाबद्दल खोटं बोलणारी माणसं आणखी कशाकशाबद्दल खोटं बोलत असतील? लंगडणं तरी खरं का? नवरा तरी खरा का? चोरांच्या टोळ्या आपल्या बायका पुढे पाठवतात हे तिने ऐकलं होतं. मुलाला लहान दाखवलं की घरोघरच्या बायका आत बोलावतात, वाटी पुढे करतात. मागच्या वर्षीचं सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ती तडक पाटलांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर गाव जमलं. मंजुळेला समोर उभं केलं. भिवा तिच्या कमरेवर, अंगठा तोंडात. पाटलांनी नाव, गाव, नवऱ्याचं नाव, बहिणीचं गाव, सगळं विचारलं. तिने न अडखळता उत्तरं दिली. चुनाभट्टी कशी लावतात, भट्टीत दगड कसे रचतात, तेही सांगितलं. पाटलांचा चेहरा थोडा सैल झाला. लोक आपसांत कुजबुजायला लागले की बाई खरी दिसते, अंबूबाईलाच आता सगळीकडे चोर दिसतात.

तेव्हा अंबूबाई पुढे आली. तिने दातांचं काही काढलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हा जन्मला तो दिवस सांग."

या प्रश्नाची तयारी मंजुळेने केली नव्हती. मग तिने जे आठवत होतं ते सांगितलं.

"सकाळ होती," ती म्हणाली. "मला ओट्यावर बसवलं होतं. हातात गुळाचा खडा दिला आणि आत यायचं नाही म्हणाले. मग खूप वेळाने दार उघडलं. मला मांडी घालून बसायला लावलं आणि याला माझ्या मांडीवर ठेवलं. पडू नये म्हणून कुणीतरी माझ्या हातांखाली हात धरले होते. हा डोळेच उघडत नव्हता. मी विचारलं, मेलाय का? तर सगळे हसले."

चावडीवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

मग पाटील सावकाश म्हणाले, "आई ओट्यावर, आणि मूल आत जन्मलं." आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. हे मूल हिचं नाही. हिने ते कुठून तरी पळवून आणलं आहे. बाईला ठाण्यात न्यायचं, मूल गावात ठेवायचं, त्याचे खरे आईबाप शोधून त्यांच्या हवाली करायचं. दोन गडी पुढे झाले. एकाने मंजुळेचा दंड धरला, दुसऱ्याने मुलाला ओढलं.

मुलाने अंगठा तोंडातून काढला. त्याने तिच्या मानेला मिठी मारली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "ही माझी ताई आहे. ती बारा वर्षांची आहे. मी सात वर्षांचा आहे. आमचे आईबाप मेले."

लोकांना धक्का बसला. पण पाटलांचा संशय हटण्याऐवजी वाढलाच. काल हा पोरगा बोबडा होता, आज पोपटासारखा बोलतो. काल ती आई होती, आज बहीण झाली. उद्या आणखी कोण होईल? पाटील म्हणाले, हेही कुणीतरी पढवलेलं असेल. मागच्या वर्षीची पोरंसुद्धा आईबाप मेल्याचंच सांगत होती. लोकांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही फार चुकत नव्हतं. जो दोन दिवस खोटं बोलला त्याचं तिसऱ्या दिवशीचं खरं लोकांना ऐकू येत नाही.

मंजुळा रडली नाही. ती मोठ्या बाईच्या आवाजात एवढंच म्हणत राहिली की मला न्या, पण याला माझ्यापासून काढू नका, याला एकट्याला झोप येत नाही.

अंबूबाई तिच्याकडे बघत होती. जो प्रश्न तिने हिला पकडायला विचारला होता, त्याचं उत्तर तिच्या मनातून जात नव्हतं. हातांखाली धरलेले ते हात. बाळंतिणीच्या मांडीवर बाळ कुणी तसं ठेवत नाही. तसं ठेवतात लहान मुलीच्या मांडीवर, तिला भाऊ झाला म्हणून. आणि हे काही पढवून सांगता येणार नाही. चोराने पढवलं असतं तर कळा सोसल्याचं पढवलं असतं.

तिला हेही ठाऊक होतं की आत्ता गप्प बसलं तर आपलं काहीच जाणार नाही. उलट गाव तिला शाबासकी देईल की या वर्षी अंबूबाईने डोळे उघडे ठेवले. बोललं आणि पेव फुटलं, तर पन्नाशीत गाव सोडावं लागेल.

"पाटील," ती म्हणाली, "ही दोघं माझ्या घरी राहतील. बहिणीचं म्हणून जे गाव हिने सांगितलं, तिथे माणूस पाठवा. ही आई झाली होती म्हणून बहीण म्हणाली, ती हिची मावशी असणार. तो परत येईपर्यंत गावातलं एक जरी पेव फुटलं तरी मला वेशीबाहेर काढा."

पाटलांनी तिला दोनदा विचारलं. ती दोनदा तेच म्हणाली. तेव्हा पाटलांनी घाटापलीकडे माणूस धाडला आणि पेवांवर पहारा दुप्पट केला.

घरी आल्यावर अंबूबाईने मुलांना आधी जेवायला वाढलं आणि मग विचारलं. मंजुळेने सगळं सांगितलं. बाप चुनाभट्टीवर कामाला होता. आईबाप दोघंही साथीत आठ दिवसांच्या अंतराने गेले. काकाने ठरवलं की भिवाला मेंढपाळांकडे द्यायचं आणि मंजुळेचं लग्न चाळिशीच्या बिजवराशी लावायचं. म्हणून आईचं लुगडं आणि जोडवी गाठोड्यात बांधून ती भावाला घेऊन मावशीकडे निघाली. पहिल्याच गावात लोकांनी अडवलं. एकटी पोरं दिसली की ठाण्यात द्यायची आणि ठाण्याने त्यांना घरी पोचवायचं, असा रिवाज होता. घरी म्हणजे काकाकडेच. ती दोघं कशीबशी तिथून निसटली. मग एका ओढ्याकाठी तिने थंडी वाजते म्हणून आईचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, थकलेल्या भिवाला कमरेवर घेतलं, आणि समोरून येणाऱ्या एका म्हातारीने हाक मारली, "बाई, लेकराला दूध पाजलंस का?" म्हातारीने आपल्या लोट्यातलं दूध दिलं. कुणी अडवलं नाही, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मंजुळा बावीस वर्षांची झाली आणि भिवा तीन वर्षांचा.

अंबूबाईने विचारलं की मोठ्या बाईसारखं बोलायला कुठे शिकलीस. मंजुळा म्हणाली की तिला एकच मोठी बाई नीट माहीत होती, तिची आजी. म्हणून ती आजीसारखं बोलायची.

अंबूबाईला हसू आलं आणि ते तिने आवरलं. शेजारणीकडून तिने एक जुना परकर आणि चोळी मागून आणली. लुगडं धुऊन घडी घालून ठेवून दिलं.

पण वय कपड्यांबरोबर उतरलं नाही. मंजुळा परकर नेसूनही पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, उठताना गुडघ्यावर हात ठेवायची. शेजारच्या मुली खेळायला बोलवायला आल्या तर म्हणायची, केर राहिलाय. भिवाला घास स्वतःच्या हाताने भरवायची. आणि भिवा भरवून घ्यायचा. चावडीवर खणखणीत बोललेला मुलगा घरात पुन्हा बोबडं बोलायला लागला होता, झोपेत अंथरूण ओलं करत होता. सोंग घेताना दोघांना वाटलं असेल की मावशीच्या दारात ते उतरवून ठेवू. आता ते त्यांना उतरवता येत नव्हतं.

गावाचाही संशय संपला नव्हता. अंबूबाईच्या अंगणावरून जाताना बायका पावलं मंद करायच्या. मुलं कुठे जातात, कुणाशी बोलतात, हे पाटलांना रोज कळत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी ओरडा झाला. कडेच्या एका पेवाचं शेणामातीचं तोंड फुटलं होतं. पाटील चार गडी घेऊन थेट अंबूबाईच्या दारात आले.

अंबूबाई काही बोलण्याआधीच मंजुळा बाहेर आली. पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखा हात तिने खांद्यावर फिरवला आणि म्हणाली, "मी केलं. यांचा काही दोष नाही, माझ्या भावाचाही नाही. मला न्या."

गड्यांनी पाटलांकडे पाहिलं. अंबूबाईला मात्र आता एक नवाच संशय आला. एवढी पोर, सुजल्या पायाची, एकटीने पेव फोडणार कशी? आणि न केलेल्या गोष्टीची कबुली ही का देते? तिने पाटलांना सांगितलं की नेण्याआधी पेव तरी नीट बघून घ्या. ती स्वतः पुढे चालू लागली, म्हणून पाटलांनाही जावं लागलं.

पेवाच्या तोंडाशी मातीचा ढीग होता, पण कुदळीचा घाव कुठेच नव्हता. अंबूबाईने ढीग बाजूला केला. खाली हात जाईल एवढं बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी घुशीच्या लेंड्या. आत धान्य जिथल्या तिथे होतं.

पाटलांनी वाकून ते बीळ स्वतः पाहिलं. मग ते मंजुळेसमोर येऊन खाली बसले, तिच्या उंचीएवढे, आणि विचारलं, "पोरी, तू का म्हणालीस की मी केलं?"

मंजुळा म्हणाली, "कुणीतरी मोठ्या माणसाने पुढे व्हायला हवं होतं."

"इथे मोठा मी आहे," पाटील म्हणाले. त्यांनी गड्यांना माघारी पाठवलं आणि सगळ्यांसमोर अंबूबाईला सांगितलं की पेवांवरचा जादा पहारा उठवतो. मुलीकडे पुन्हा वळून त्यांनी हेही सांगितलं की तुमच्या काकाचा माणूस आला तर तो आधी माझ्या दारात येईल, तुमच्या नाही.

त्या दिवशी मंजुळा जेवून झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत उठली नाही. अंबूबाईने तिला उठवलं नाही. भिवा उठून बसला, बहीण झोपलेली बघितली, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाल्ली.

दहाव्या दिवशी मावशी आली. घाटातून बैलगाडीने आली होती, रस्ताभर रडून तिचे डोळे सुजले होते. बहीण गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिने दोघांना पोटाशी धरलं, तेव्हा मंजुळेने आधी तिलाच समजावलं, असं होतंच, धीर धरायचा. मावशीने चमकून अंबूबाईकडे पाहिलं. अंबूबाई म्हणाली, "थोडं उरलंय अजून. जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. गाडी जुंपली, गाठोडं चढवलं. भिवाला उचलून घ्यायला मावशीने हात पुढे केले, तर तो तिला वळसा घालून चाकावर पाय देऊन आपला आपण चढला.

मंजुळा मात्र दिसेना. मावशी घाबरली. अंबूबाईही घराबाहेर आली आणि तिने कान टवकारले. शेजारच्या पडवीतून भांडण ऐकू येत होतं. मुली सागरगोटे खेळत होत्या.

"तुझा खडा हलला. मी पाहिलं."

"नाही हलला. तूच खोटं खेळतेस मघापासून."

"खोटारडी कुठली. जा, मी नाही खेळत."

शेवटचा आवाज मंजुळेचा होता. चिरका, रडका, रागाने फुटलेला, बारा वर्षांच्या मुलीचा. तिने सागरगोटे जमिनीवर टाकले होते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. चावडीवर एकदाही आलं नव्हतं ते सगळं पाणी एका हललेल्या खड्यासाठी वाहत होतं.

मावशी तिला समजवायला धावणार होती. अंबूबाईने तिचा हात धरला.

थोड्या वेळाने दुसऱ्या मुलीने नमतं घेतलं, मंजुळेने नाक पुसलं आणि सागरगोटे पुन्हा गोळा केले. तेव्हा मावशीने हाक मारली की चल गं, गाडी खोळंबली आहे, ऊन चढतंय.

मंजुळेने मानही वर केली नाही. "थांब ना मावशी," ती म्हणाली, "माझा डाव राहिलाय."

गाडीवानाने बैल सोडून झाडाखाली बांधले. मावशी आणि अंबूबाई डाव संपेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.

तात्पर्य: मूल आपल्या वयाहून मोठं किंवा लहान होऊन समोर उभं राहिलं, तर ते खोटं बोलतंय हे ओळखणं सोपं असतं. आधी हे शोधावं की त्याच्यावर तशी वेळ आणली कुणी.